आईचं इन्फेक्शन आणि तिच्या गोळ्या

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं की कधीकधी तापाच्या आधी डोक्यावरच परिणाम दिसतो, हे घरात सगळ्यांना माहीत हवं. आईचं तसंच झालं. सकाळी मेथी निवडत बसलेली बाई रात्री मला "ताई, तुम्ही कुणाकडे आलात" विचारायला लागली, रात्रभर चादर ओढत बसली आणि नातेवाईक म्हणाले, आजार वाढला आता. अहो, तो असा एका रात्रीत वाढत नाही! एकदम फरक पडला तर डिलिरियमची, म्हणजे आजारपणात अचानक उडणाऱ्या डोक्याच्या गोंधळाची, शंका घ्यायची, मागे इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता नाहीतर नवीन औषध असतं. काही जण उलट गप्प पडून राहतात, ते तर लक्षातही येत नाही.

अशा वेळी मला जास्त भीती औषधांची वाटते. कुणी म्हणतं झोपेची गोळी द्या, कुणी म्हणतं अ‍ॅलर्जीची एविल द्या, शांत झोपतील. नका देऊ. एविल, फेनर्गन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन ही सगळी मेंदूत आठवणीसाठी लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या आड येतात आणि आईला डिमेन्शियासाठी डोनेपेझिल चालू आहे ते नेमकं तेच टिकवायला. लघवी सारखी होते म्हणून देतात ती ऑक्सिब्युटिनिनही त्याच जातीची.

अँटिबायोटिक लागतंच, ते मनाने बंद करायचं नाही, पण लिहून घेताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवायच्या, मेडिकलमधून आणलेल्यासुद्धा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकने गोंधळ वाढू शकतो आणि शुगरची औषधं चालू असतील तर शुगर फार खाली जाऊ शकते, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये त्यावरची चेतावणी आणखी कडक केली. त्यात आजारी माणूस जेवत नाही आणि शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइड मात्र रोजच्यासारखी पोटात जाते, म्हणून शुगरच्या, बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून विचारा. किडनीची तपासणीही विचारा, बऱ्याच औषधांचा डोस त्यावर ठरतो. तापाला डोलो (म्हणजे पॅरासिटामॉल) देत असाल तर सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं, डोस दुप्पट होऊ नये म्हणून स्ट्रिपवर वाचा.

आणि गोळी गिळली का बघा. आई पाणी पिते, मान हलवते आणि गोळी गालात तशीच, मग पदराला चिकटलेली सापडते. म्हणून कुटून वरणात घालावीशी वाटते, पण एसआर, एक्सआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं, त्यापेक्षा त्याचं सिरप मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.