सुरक्षा वॉर्डात राहून परीक्षा देताना

न्यायालयाने मला तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयाच्या सुरक्षा विभागात पाठवलं, तेव्हा शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती. आजार जरा आवाक्यात आल्यावर मी सिस्टरना म्हटलं, मला शिकायचंय. माझं नाव लगेच शिवणवर्गात गेलं. शिवणकामाला मी नावं ठेवत नाही, पण मला गणित आणि हिशेब हवा होता. बाहेर पडल्यावर पोट कशावर भरायचं, हा घोर मला लागून राहिला होता.

अशा विभागांत पुरुषांच्या मानाने बायका थोड्या, म्हणून सगळ्यांना मिळून एकच वर्ग. आमच्यात एक पदवीधर होती, तर एकीला सहीसुद्धा येत नव्हती, आणि दोघींपुढे तेच रंगवायचे कागद. पुढे नव्या शिक्षिका आल्या. त्यांनी प्रत्येकीला वेगळं बसवून विचारलं, “तुम्हाला काय वाचता यायला हवंय?” सही न येणारी म्हणाली, “माझ्या केसचे कागद.” आपल्याबद्दल काय लिहिलंय ते तिला कायम दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे. बाईंनी तिची अक्षरओळख त्या कागदांतल्या शब्दांपासूनच सुरू केली. माझ्या मते खरं शिक्षण तिथे सुरू झालं.

माझी अडचण वेगळीच होती. पुस्तक उघडलं की अक्षरं पुसट दिसायची, वाचलेलं डोक्यात राहायचं नाही. मला वाटलं, आजाराने बुद्धीच गेली. बाईंनी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. मनोविकारावरच्या औषधाने हात थरथरतात म्हणून मला ट्रायहेक्सिफेनिडिल चालू होतं. त्याने जवळचं धूसर दिसू शकतं आणि स्मरणशक्तीवरही परिणाम होतो. डॉक्टरांनी ते हळूहळू कमी केलं. सकाळी गुंगी असायची, म्हणून माझा तास दुपारी ठेवला. अभ्यासाला बसणाऱ्या प्रत्येकीच्या गोळ्या कोणीतरी या नजरेने पाहायलाच हव्यात.

मग सुरक्षेचे नियम. पेन्सिली मोजून मिळायच्या आणि मोजून परत घेतल्या जायच्या. स्पायरलची वही नाही, स्टेपलची पिन नाही, टोकयंत्र तर नाहीच. कंपास लागला की सिस्टर शेजारी बसत. आमच्यातल्या कितीतरी जणी स्वतःला इजा करून घेतात, त्यामुळे मला याचा राग नव्हता. बाई मात्र कोणाच्याही पाठीमागे जाऊन उभ्या राहत नसत, जवळ येण्याआधी सांगत. मार खाल्लेल्या बाईला वर्गात टिकवायला एवढं पुरतं, हे मी पाहिलंय.

मध्ये माझा आजार पुन्हा उसळला. वर्ग थांबला, पण हजेरीपटातून नाव काढलं नाही. परतले तेव्हा वही होती तिथेच उघडून दिली.

परीक्षेच्या परवानगीसाठी बरेच अर्ज करावे लागले. आमच्या समाजसेविकेने संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांचा (२०१५) आधार घेतला. त्यातला १०४ वा नियम सांगतो की तुरुंगातलं शिक्षण शक्य तितकं देशाच्या शिक्षणव्यवस्थेशी जोडलेलं असावं, म्हणजे सुटल्यावर ते पुढे चालू ठेवता येतं. नियम कैद्यांसाठी आहे. पण कैद्याला जे मिळायला हवं ते रुग्णाला का नाही, हा आमचा मुद्दा होता. तो मान्य झाला. पर्यवेक्षक वॉर्डात आले, मला जादा वेळ मिळाला. प्रमाणपत्रावर रुग्णालयाचा पत्ता येऊ नये, हे बाईंनी फॉर्म भरतानाच पाहिलं होतं.

मी पास झाले. आता हिशेबलेखन शिकतेय. इंटरनेट नाही, म्हणून बाई धडे छापून आणतात. माझ्या सुटकेच्या आराखड्यात औषधं, तपासण्या, राहायची जागा सगळं लिहिलंय. हा अभ्यासक्रम बाहेर कोणत्या केंद्रात पुरा करायचा, तेही त्यात लिहावं, असा अर्ज मी दिला आहे.