तुम्ही विचारलंत म्हणून: नाओमीला कुणी शोधलं?

"मॅडम, दिवसभर तुम्ही पुराव्यांशी झगडता आणि घरी जाऊन ‘डेथ नोट’ बघता? त्यातलं काही पटतं तरी का हो?" कोर्टातल्या बाररूममध्ये ज्युनिअर वकील पोरं मला हे विचारतात. घरी भाची दुसऱ्या बाजूने धरते. "मावशी, त्यात सगळ्या बायका बावळट दाखवल्यात. तुला राग कसा येत नाही?" लॉकडाउनमध्ये तिनेच मला ही मालिका बघायला बसवलं होतं, हे ती सोयीस्करपणे विसरते. दोघांनाही तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन झाली, आता एकदाच लिहून टाकते. कारण माझ्या लेखी हे दोन प्रश्न एकच आहेत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्सुगुमी ओबा यांची कथा आणि ताकेशी ओबाता यांची चित्रं असलेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००३ ते २००६ या काळात मुलग्यांसाठीच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आली. तिच्यावरून मॅडहाउस स्टुडिओने तेत्सुरो अराकींच्या दिग्दर्शनाखाली ३७ भागांची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) केली, ती २००६-०७ मध्ये जपानी टीव्हीवर लागली. लाइट यागामी या हुशार विद्यार्थ्याला मृत्युदेवाची वही सापडते. चेहरा डोळ्यांपुढे आणून तिच्यात नाव लिहिलं की ४० सेकंदांत तो माणूस मरतो; मरण कसं यावं ते लिहिलं नसेल तर हृदय बंद पडून. लाइट गुन्हेगार मारत सुटतो, लोक त्याला ‘किरा’ म्हणू लागतात आणि एल नावाचा गुप्तहेर त्याच्या मागे लागतो. तपासपथकाचा प्रमुख लाइटचाच बाप.

वही मला पटते. भस्मासुराला मिळालेला वर आपण मुकाट्याने मान्य करतो ना, तसंच. अट एकदा सांगितली की ती पाळली जाते की नाही, एवढंच मी बघते, आणि बहुतेक वेळा ती काटेकोर पाळली जाते. खोलीत कॅमेरे लावलेले असताना वेफर्सच्या पाकिटात चिमुकला टीव्ही लपवून नावं लिहिणारा लाइटही मला चालतो. हसू येतं, पण चालतो.

अडते मी सहाव्या-सातव्या भागात, नाओमी मिसोरापाशी.

नाओमी आधी एफबीआयमध्ये होती, लग्न ठरल्यावर नोकरी सोडलेली. होणारा नवरा, एफबीआयचाच एजंट रे पेंबर, किराच्या तपासासाठी जपानला येतो, तीही बरोबर येते. बसमधल्या ओलीसनाट्यात लाइटने त्याच्याकडून ओळखपत्र काढून घेतलेलं असतं. त्या प्रसंगाबद्दल ती चार प्रश्न विचारते, तर तो म्हणतो, तू आता एजंट नाहीस, यात पडू नकोस. थोड्याच दिवसांत तो आणि त्याचे सगळे सहकारी, एकूण बारा जण, मरतात. आणि ही बाई एकटी, कुणाच्या मदतीशिवाय, असा निष्कर्ष काढते की त्या बसमध्ये किरा होता आणि हृदय बंद पाडण्याखेरीज इतर मार्गांनीही तो मारू शकतो. पथकातल्या एकालाही तोवर हे सुचलेलं नसतं.

ती पोलीस मुख्यालयात जाते. पथकातलं कुणी भेटणार नाही, असं स्वागतकक्षातून सांगतात. तेवढ्यात बापाचे कपडे घेऊन लाइट तिथे पोचतो आणि मदतीचा हात पुढे करतो. दोघं बर्फात चालू लागतात. ती आधी खोटं नाव सांगते. तो ते वहीत लिहितो, घड्याळाकडे बघत राहतो, काहीच होत नाही. मग तो सांगतो की मीही पथकात काम करतो. शेवटी ती खरं नाव सांगते, गाडीचा परवाना दाखवते, आणि संपते.

भाचीचा संताप इथलाच. एवढी सावध बाई, मुळात खोटं नाव सांगणारी, अनोळखी पोराला परवाना दाखवते? कित्येक वर्षं मीही हेच म्हणायचे. आता नाही म्हणत. नवरा गेलेली, दोन रात्री न झोपलेली, खिडकीखिडकीवरून परत पाठवलेली माणसं मी कोर्टात पाहिली आहेत. जो पहिल्यांदा खुर्ची पुढे करतो, पाणी देतो, त्याच्यापुढे ती सगळं ओकतात. हुशारीचा तिथे संबंध नसतो. नाओमीला त्या दिवशी तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा एकच माणूस भेटला, आणि तोच खुनी निघाला. मला हे पटतं.

न पटणारा भाग त्यानंतर येतो. आपलं प्रेत कुणाला सापडणार नाही अशा बेताने ती आत्महत्या करेल, असं लाइटने लिहिलेलं असतं. ठीक. पण एल तिला ओळखतो, पूर्वी ती त्याच्यासाठी एका प्रकरणावर काम करून गेली आहे. ती बेपत्ता आहे हे त्याला कळतं, त्यावरून तो संशयितांचं वर्तुळ आवळतो, दोन घरांत कॅमेरे बसवतो. आणि मग? ती शेवटची कुठे दिसली, कुणाबरोबर दिसली, हे पडद्यावर तरी कुणीच विचारत नाही. आमच्याकडे त्याला ‘लास्ट सीन’ म्हणतात. मिसिंगची तक्रार घेणारा हवालदारसुद्धा आधी तेवढंच विचारतो. नाओमी शेवटची दिसली ती पोलीस मुख्यालयात, स्वागतकक्षातल्या माणसांच्या डोळ्यांदेखत, साहेबांच्या मुलाशी बोलताना. जगातला सर्वांत मोठा गुप्तहेर वेफर्सच्या पाकिटावर नजर ठेवतो, पण खाली उतरून तिथल्या माणसांना एक प्रश्न विचारत नाही.

म्हणजे गोष्ट खोटी पडली ती बाई चुकली म्हणून नव्हे, बाईला कुणी शोधलं नाही म्हणून. (बेपत्ता बाईला कुणी शोधत नाही, हाच यातला सर्वांत वास्तव भाग आहे, असं आमच्या बाररूममधली एक मैत्रीण म्हणते. तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे फारसं काही नाही.)

याचं कारण स्वतः ओबांनीच मालिकेच्या मार्गदर्शक पुस्तकात देऊन ठेवलंय. नाओमीला जास्त काळ ठेवायचा त्यांचा विचार होता, पण ती फार लवकर फार जवळ पोचत होती, म्हणून आधीच मारावी लागली. लेखकाचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण त्याचा अर्थ असा की ती कथानकापेक्षा हुशार निघाली, म्हणून तिला जावं लागलं.

मग येते मिसा अमाने. भाचीचा सगळा राग खरं तर हिच्यावर. लाडे लाडे बोलणारी मॉडेल, दुसरी वही हाती असलेली, लाइटच्या गळ्यात पडणारी, उरलेलं आयुष्य निम्मं करून मृत्युदेवाचे डोळे (माणसाचं नाव आणि उरलेलं आयुष्य त्याच्या डोक्यावर दिसतं असे) घेणारी, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा. सगळं मान्य. पण तिची कामगिरी मोजा. एल शेवटपर्यंत जे सिद्ध करायला धडपडतो, ते ती टोकियोच्या आओयामा भागात वेश बदलून, एका फेरीत शोधते: गर्दीत ज्याच्या डोक्यावर नाव दिसतं पण आयुष्य दिसत नाही, तो वहीवाला. पुढे काही काळ वही हाती असलेल्या हिगुची या कंपनीवाल्याकडून, मृत्युदेव रेमच्या मदतीने, किरा असल्याची कबुली काढून ती फोनवर रेकॉर्डही करते. खोलीभर पुरुष आठवडेच्या आठवडे पडद्यांसमोर बसून जे करू शकले नाहीत ते. तरी पुढच्याच प्रसंगात ती पुन्हा बावळट. कुणी तिच्याकडे वळून ‘हे कसं जमवलंस’ असं विचारत नाही. तिची हुशारी वापरायची, पण हिशेबात धरायची नाही.

दुसरी किरा असल्याच्या संशयावरून झालेल्या तिच्या अटकेबद्दल तर बोलायलाच नको. लाइटला कोठडी आणि बेड्या. मिसाला पट्ट्यांनी आवळून, डोळे बांधून उभं केलेलं, आणि कॅमेरा तिथे हवा त्याहून जास्त रेंगाळतो. मी पहिल्यांदा बघताना "महिला पोलीस कुठाय?" असं मोठ्याने ओरडले होते. भाचीने पॉज करून माझ्याकडे पाहिलं.

लाइट बायकांना साधन समजतो, आणि आपण सगळं त्याच्या नजरेतून बघतोय, असा एक बचाव असतो. अर्धा मी मान्य करते. बसच्या प्रसंगात युरी नावाच्या मुलीला तो केवळ आडोसा म्हणून सहलीला नेतो, तिथे मालिका त्याचा थंडपणा दाखवते, आणि ते चांगलंच जमलंय. पण मिसा आणि वृत्तनिवेदिका ताकादा एका टेबलावर जेवायला बसतात तेव्हा लाइट तिथे नसतो. दोन्ही बाया किराचं काम केलेल्या, दोघींच्या हातून माणसं मेलेली. त्या बोलतात काय, तर लाइट कुणाचा. तिथे ती नजर लाइटची उरत नाही.

शेवटी जेवानी नावाचा एजंट एका रात्रीत अख्ख्या वहीची हुबेहूब नक्कल करतो. जपानमध्ये त्याच्या ‘एका रात्रीत करून दिलं’ची थट्टाच होऊन बसली आहे. ती नक्कल मला फारशी खुपत नाही. हस्ताक्षरतज्ज्ञाला दाखवली की झालं.

तुलना हवीच असेल तर त्याच मॅडहाउसची ‘मॉन्स्टर’ बघा. त्यातली एवा दारूत बुडालेली, सूडाने पेटलेली, वागायला मिसापेक्षा कितीतरी वाईट. पण ती चुकते ते तिच्या स्वभावामुळे चुकते. कथानकाला घाई झाली म्हणून नाही.

तर राग येतो का? येतो. तरी मी ती बघते, आणि दर वेळी सहावा भाग लागला की मनातल्या मनात साक्षीदारांची यादी करायला घेते. पहिलं नाव त्या स्वागतकक्षातल्या माणसाचं. लांबलचक उलटतपासणीची गरजच नाही. त्या दुपारी काळ्या कोटातली एक बाई तुमच्याकडे आली होती का? ती कुणाशी बोलत होती? बाहेर पडताना तिच्याबरोबर कोण होतं?