अठ्ठावन्नावे बटण

२३ एप्रिल २०१९ रोजी बेळगाव लोकसभा मतदारसंघातील एका मराठी खेड्यात मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. मी खानापूर तालुक्यातला माध्यमिक शिक्षक. आमचा जिल्हा बेळगावच, पण त्यातल्या अठरा विधानसभा मतदारसंघांपैकी खानापूर आणि कित्तूर लोकसभेसाठी उत्तर कन्नडला, म्हणजे आमच्या बोलण्यात ‘कारवारकडे’ जोडलेले आहेत. आठ चिक्कोडीत मोडतात आणि उरलेले आठ बेळगावात. त्यामुळे ज्या सहकाऱ्यांचे मत बेळगावात होते ते निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र दाखवून त्याच केंद्रावर बटण दाबू शकत होते, मला मात्र टपाली मतपत्रिकेसाठी वेगळा अर्ज भरावा लागला होता.

त्या वर्षी बेळगावात ५७ उमेदवार होते. त्यांतले बरेचसे अपक्ष हे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आवाहनावरून उभे राहिलेले सीमाभागातले कार्यकर्ते होते. ही युक्ती जुनी आहे. १९९६ मध्ये याच मतदारसंघात ४५६ जण उभे होते, तेव्हा अनामत रक्कम अवघी ५०० रुपये होती. त्याच वर्षी कायदा बदलून ती १० हजार करण्यात आली आणि अपक्षाला दहा सूचक सक्तीचे झाले. २०१९ पर्यंत अनामत २५ हजारांवर गेली होती. एवढे पैसे बुडणार हे ठाऊक असूनही माणसे अर्ज भरतात, याला निव्वळ हट्ट म्हणणाऱ्यांनी सीमाभागात चार दिवस राहून पाहावे.

मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर, म्हणजे बटणांच्या पेटीवर, सोळा बटणे असतात. ५७ उमेदवार आणि ‘नोटा’ मिळून अठ्ठावन्न, म्हणजे चार युनिटे. प्रशिक्षणात मात्र आम्हांला एकच युनिट जोडून दाखवले होते, आणि चार कशी जोडायची हे विचारले तेव्हा “तसेच, फक्त चार” एवढेच उत्तर मिळाले. चौथ्याची वायर तिसऱ्यात, तिसऱ्याची दुसऱ्यात, दुसऱ्याची पहिल्यात आणि पहिल्याची मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटमध्ये, हा क्रम मी आदल्या रात्री शाळेच्या वर्गात बॅटरीच्या उजेडात तीनदा गिरवला. प्रत्येक युनिटवरचा क्रमांकाचा खटका बरोबर आकड्यावर आहे की नाही हे तपासले. पुठ्ठ्याचा मतदान कक्ष चार युनिटांना पुरेना, म्हणून मुलांचे दोन बाक जोडून वर चादर टाकली. सकाळी सहाला अभिरूप, म्हणजे चाचणी मतदान सुरू केले. किमान पन्नास मते हा नियम असला तरी प्रत्येक बटणाला निदान एक मत पडलेच पाहिजे, म्हणून अठ्ठावन्न मते टाकली. दर मतामागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी, मग चिठ्ठ्यांची उमेदवारवार मोजणी, मग त्या काळ्या लिफाफ्यात सीलबंद. सातच्या ठोक्याला पहिला मतदार आत घेता आला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

दुपारी एक आजोबा आले. धोतर, पांढरी टोपी, सोबत कोणी नाही. सोबती घेण्याची सोय सांगितली तर म्हणाले, “डोळे शाबूत आहेत माझे.” शाई लावून घेतली, कक्षात गेले आणि बराच वेळ आवाज आला नाही. शेवटी आतूनच विचारले, “गुरुजी, ह्यातला आपला कुठला?”

मतदान प्रतिनिधींनी लगेच माना वर केल्या. बटण दाखवायला कक्षात जाण्याची मला मुभा नाही. मी त्यांना बाहेर बोलावले आणि सगळ्यांसमोर पुठ्ठ्याच्या नमुन्यावर बटण कसे दाबायचे ते समजावले. ते ऐकूनच घेईनात. त्यांना बटण दाबायचे ठाऊक होते. ते म्हणाले, “शहाण्णव साली मी स्वतः उभा होतो. पाचशे रुपये भरले होते. तेव्हा मतपत्रिकेचं पुस्तकच होतं, त्यात माझं नाव होतं. आता समितीचा कोण ते सांगा.”

नियमाप्रमाणे मी सांगू शकत नव्हतो. पण नियम बाजूला ठेवला तरी मला उत्तर देता आले नसते, हे तेव्हा लक्षात आले. समितीचा असा एकच उमेदवार नव्हताच. एका चेहऱ्याऐवजी अनेक उभे करायचे, हाच तर निषेधाचा डाव होता. पोस्टाच्या तिकिटाएवढी छायाचित्रे, ओळीने अपक्ष आणि ज्यांची चिन्हे घरच्यांनाही पाठ नसतील अशी यादी. शहाण्णवच्या पुस्तकात त्यांना निदान स्वतःचे नाव शोधता आले होते.

ते पुन्हा आत गेले. थोड्या वेळाने बीप वाजला. बाहेर येऊन माझ्या टेबलाजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, “शेवटचं दाबलं. शेवटचं आपलंच असेल ना?”

चौथ्या युनिटवर दहाच बटणे उघडी होती आणि त्यांतले दहावे, म्हणजे अठ्ठावन्नावे, ‘नोटा’चे होते. मी म्हणालो, “मत गुप्त असतं आजोबा, कुणाला सांगू नका.” ते हसले आणि गेले. समोर बसलेल्या एका प्रतिनिधीने माझ्याकडे पाहिले. त्यालाही ते कळले होते.

संध्याकाळी सहाला रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या आणि पुढे तासभर मतदान चालले. नमुना सतरा-कचा, म्हणजे नोंदलेल्या मतांचा हिशेब पहिल्या फटक्यात जुळला. निकालात भाजपचे सुरेश अंगडी साडेतीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले.

अंगडींच्या निधनानंतर १७ एप्रिल २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली. त्या वेळी समितीने शुभम शेळके हा एकच उमेदवार दिला आणि त्याला १ लाख १७ हजारांहून अधिक मते पडली. मतमोजणीच्या दिवशी घरी टीव्हीवर तो आकडा पाहताना मला ते आजोबा आठवले. त्या गावावरून मी अजूनही बसने जातो. शाळा रस्त्यालाच लागून आहे, पण उतरून त्यांची चौकशी करायचे मी टाळले आहे. कारण भेटले तर ते विचारतील, आणि आता उत्तर द्यायला मनाई करणारा कोणताही नियम माझ्याजवळ नाही.