तुम्ही विचारलंत म्हणून: तेजोमेघ पसरतोय हे पाहिलं कोणी?

पावसाळा सरला की ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लागते आणि अभिजित ताऱ्याजवळचा रिंग नेब्युला हा तेजोमेघ मी हटकून दाखवते. तेव्हा कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, हा तर जागचा हलत नाही. मग सेकंदाला वीसेक किलोमीटरने पसरतोय, हे पाहिलं कोणी?"

वर्णपटाने पाहिलं, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फाकवून. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की बाहेरचे थर सोडून देतो. उघड्या पडलेल्या तप्त गाभ्याच्या अतिनील किरणांनी तो वायू उजळतो. त्याचा प्रकाश मोजक्या रंगांतच एकवटलेला असतो. कॅमेऱ्यापुढे विवर्तन जाळी (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) बसवून फोटो काढा: आजूबाजूचे तारे रंगीत पट्ट्यांसारखे ताणले जातात, तेजोमेघाची मात्र एक हिरवट आणि एक लाल अशी सुटी कडी उमटतात. मला हा फोटो कुठल्याही रंगीत पोस्टरपेक्षा प्रिय आहे.

२९ ऑगस्ट १८६४ रोजी खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या कॅट्स आय तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. अखंड पट्टीऐवजी दिसल्या तेजस्वी रेषा, म्हणजे तिथे तारे नव्हेत, वायू होता. त्यांतली ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं.

वेग याच रेषेत दडलेला असतो. मोठ्या दुर्बिणीच्या वर्णपटमापकाची अरुंद फट तेजोमेघावर आडवी धरतात. मधोमध रेषा दुभंगते: आपल्याकडे येणारी बाजू निळ्याकडे सरकते, पलीकडची लालकडे. सरकणं किती? सेकंदाला वीस किलोमीटर वेग असेल तर जेमतेम ०.०३ नॅनोमीटर. माझ्या जाळीला ते पेलणारं नाही, त्याला फार सूक्ष्म विभेदन, म्हणजे जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्याची क्षमता, लागतं. कडेला वायू आपल्या दृष्टिरेषेला आडवा जातो, म्हणून तिथे दोन्ही फाटे पुन्हा मिळतात आणि एक लंबगोल तयार होतो. वायूचं कवच गोल असेल तर हा लंबगोल सुबक येतो. डमरूसारखं आणि तिरकं असेल तर तो वाकतो, पिळवटतो. ताऱ्यापासून जितकं दूर तितका वेग जास्त, असं धरलं की वेगावरून खोली काढता येते. फोटोत सपाट दिसणारं कडं पुढूनमागून कसं आहे, ते असं उलगडतं. फट थोडी थोडी सरकवत सगळा तेजोमेघ असा वाचून काढतात. काम किचकट, पण आकार सांगण्याचा याहून भरवशाचा मार्ग मला माहीत नाही.

आडवी गती मात्र रेषेतून कळत नाही. त्यासाठी काही वर्षांच्या अंतराने काढलेले फोटो ताडून पाहावे लागतात. कॅट्स आयचे हबल या अवकाश दुर्बिणीने १९९४ आणि १९९७ मध्ये काढलेले फोटो असेच ताडले गेले. फोटोतलं पसरणं आणि वर्णपटातला वेग यांची सांगड घातल्यावर त्याचं अंतर निघालं, सुमारे ३,३०० प्रकाशवर्षं.