वायर पार्ट मोकळा तपासायचा : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत 2011 साली आम्ही शेड भाड्याने घेतली ती वायर बेंडिंगच्या जॉबवर्कसाठी. सीटच्या फोमखालच्या वायर, हूक, स्टे असा सगळा माल. तेव्हा तपासणी म्हणजे ड्रॉइंगची एकास एक प्रिंट टेबलावर चिकटवायची, पार्ट तिच्यावर ठेवायचा आणि डोळ्यांनी बघायचं. सपाट पार्टला ते चालतं. वायर तिसऱ्या दिशेला वळली की कागद थिटा पडतो. व्हर्निअरचंही तेच, गोलाईत धरणार कुठे? त्यात कॉइलचा लॉट बदलला की टेन्साइल (ताण सोसण्याची ताकद) बदलते, स्प्रिंगबॅक (वाकवून सोडल्यावर वायर जेवढी मागे उघडते तो) बदलतो. काल 90 अंशांत बसलेला बेंड आज 91.5 वर उघडतो आणि 200 मिलिमीटरच्या टांगेचं टोक पाच मिलिमीटरहून जास्त सरकतं. आमच्याकडे ओके झालेला माल ग्राहकाकडे नापास व्हायचा आणि दोघांकडेही दाखवायला आकडा नसायचा.

म्हणून स्वतःच्या मालासाठी चेकिंग फिक्श्चर बनवली, म्हणजे पार्ट बसवून त्याचा आकार तपासायचे साचे. शेजारच्या युनिटवाल्यांनी ती बघितली आणि तशीच मागितली. आज फिक्श्चर हाच आमचा मुख्य धंदा आहे. बेंडिंगचं एक मशीन सॅम्पलसाठी ठेवलंय.

डिझाइन सॉलिडवर्क्स या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये होतं. ग्राहकाच्या एक्स-वाय-झेड पॉइंटवरून थ्री-डी स्केचमध्ये सेंटरलाइन काढायची, कोपऱ्यांना बेंड रेडियस द्यायचा, वायरच्या व्यासाने स्वीप मारायचा, म्हणजे तेवढा गोल त्या रेषेवरून फिरवून घन आकार काढायचा. हा झाला पार्ट. मग त्याच सेंटरलाइनवर दुसरा, जाड स्वीप. 6 मिलिमीटरची वायर आणि जागेचा टॉलरन्स (चालणारा फरक) ±0.5 असेल तर तो 7 मिलिमीटरचा. हा जाड स्वीप ब्लॉकमधून वजा केला की खाच तयार. वायर त्या खाचेत आपोआप बसली तर पास. पण अख्ख्या लांबीला पन्हळ द्यायची नाही, हे आमच्या डिझाइनरना पहिल्याच दिवशी सांगतो. ब्लॉक सरळ भागावर आणि जोडणीच्या टोकांना, बेंड उघडे. वायर कुठे अडते ते तपासणाऱ्याला दिसलं पाहिजे, तरच तो मशीन लावणाऱ्या सेटरला नेमका बेंड दाखवू शकतो.

सगळ्यात जास्त वाद क्लॅम्पवरून होतात. ग्राहक सांगतो, चार टॉगल क्लॅम्प द्या, पार्ट हलायला नको. सहा मिलिमीटरची लांब वायर अंगठ्याने वाकते, मग क्लॅम्पपुढे तिचं काय चालणार? वाकडा पार्ट दाबून सरळ होतो आणि पास होतो. गाडीत बसवताना तो पुन्हा वाकडाच असतो. म्हणून गाडीत पार्ट जिथे पक्का धरला जातो, तेच आमचे डेटम, म्हणजे मोजणीचे आधार. क्लॅम्प फक्त तिथे, तोही हलका. बाकी वायर मोकळी. ड्रॉइंगवर दाबून मोजा असं स्पष्ट लिहिलं असेल तरच वेगळा विचार. या मुद्द्यावर आम्ही ऑर्डर सोडलेली आहे.

वायर घासते तिथे ओएचएनएस या टूल स्टीलचे ब्लॉक, हार्डनिंग 58 ते 60 एचआरसी (कठीणपणाचं रॉकवेल माप). बेस अ‍ॅल्युमिनियमचा, कारण इन्स्पेक्शन टेबलावरच्या ताईंना तो उचलावा लागतो. नायलॉन आम्ही वापरत नाही. ते दमट हवेत पाणी पिऊन फुगतं, त्याऐवजी डेलरिन हे दुसरं प्लास्टिक. डावा-उजवा पार्ट असेल तर एक पिन अशी ठेवतो की चुकीचा पार्ट बसूच नये. पार्ट काढायला बोटं आत जातील एवढी जागा तर हवीच. शिफ्टभर हात त्याच फिक्श्चरवर असतात.

फिक्श्चर जाताना सोबत सीएमएम (तिन्ही दिशांत मोजणारं मशीन) रिपोर्ट असतो. बनावटीचा टॉलरन्स पार्टच्या टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शात ठेवतो. पीपीएपीसाठी (ग्राहकाकडून पार्टची उत्पादनाआधीची मंजुरी) एमएसए (मोजणीच्या पद्धतीचीच चाचणी) लागतो, त्यात तीन तपासणारे आणि 50 पार्ट, प्रत्येक पार्ट तीनदा. त्या पन्नासांत काठावरचे पार्ट मुद्दाम घालायला सांगतो. सगळेच चांगले ठेवले तर निकाल छान येतो, पण फिक्श्चर काय पकडतं ते कळत नाही.

सध्या वेल्डिंग केलेल्या वायर फ्रेमची कामं वाढली आहेत. वेल्डच्या उष्णतेने फ्रेम पिळते, त्यामुळे डेटम ठरवायलाच जास्त वेळ जातो. चौकशी पाठवताना मॉडेल आणि ड्रॉइंगबरोबर खरे पार्टही पाठवा, शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या कॉइलमधले.