मीठ टाका म्हणे

“मीठ टाका त्यांच्यावर, पटकन मरतील.”

आज सकाळी नेरुळला आमच्या पार्किंगमध्ये शेजारच्या काकू वॉचमनदादांना सांगत होत्या. रात्रीच्या पावसाने गांडुळं फरशीवर आली होती. मी दादांकडून सुपली घेतली आणि सगळी उचलून कुंपणाजवळच्या मातीत सोडली.

पण ते ‘पटकन’ दिवसभर डोक्यातून जात नाहीये. पटकन नाही मरत हो. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या त्वचेतूनच श्वास घेतं. मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ते तडफडत राहतं.

आणि त्या अंगात काय काय असतं! दात एकही नाही. स्नायूंच्या ग्रसनीने, म्हणजे घशाने, माती, कुजलेला पाला आत ओढायचा. कॉलेजात शिकवतात त्या फेरेटिमा नावाच्या गांडुळाच्या अंगाच्या आठव्या वलयात पेषणी असते, जात्यासारखं सगळं भरडणारी. पुढे लांबच लांब आतडं. त्याच्या आत वरून एक घडी लोंबते, तिच्यामुळे अन्न शोषायला जास्त जागा मिळते. एवढ्याशा जिवात एवढी सोय! मला हे फार सुंदर वाटतं. शेवटी बाहेर पडते ती विष्ठा, म्हणजे आपण कुंड्यांसाठी विकत आणतो ते गांडूळखत.

डार्विनने अनेक वर्षं गांडुळांचं निरीक्षण केलं आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आपण मात्र आवारभर पेव्हर ब्लॉक बसवले. पावसात वर आलेल्या गांडुळाने परत जायचं कुठून? तुमच्या सोसायटीत मोकळी माती किती उरलीये?