आई जाहीर केलेली नाही

मागच्या रविवारी वाईला घरी होतो. सकाळी साडेआठला लाइट गेली, म्हणजे राउटरही गेला. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, म्हणून टेसरॅक्ट, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर काढणारा प्रोग्राम, कंपाइल करत (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवत) बसलो. आजोबांच्या जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चाललंय, त्यात शिरोरेषेमुळे अक्षरं एकमेकांना चिकटतात. टेसरॅक्टच्या सोर्समध्ये 'टेक्स्टॉर्ड' फोल्डरात देवनागरीसाठी वेगळी फाइल आहे, त्यात शिरोरेषा तोडणारा एक क्लासच आहे. तो नेमकं काय करतो ते बघायचं होतं. सोर्स शुक्रवारीच पुण्यात उतरवून ठेवला होता. सीमेक (बिल्डची तयारी करणारं), मग मेक (फाइली कंपाइल करवून घेणारं), जुन्या मशीनवर वीसेक मिनिटं. काही कटकट नाही.

दहाच्या सुमारास लाइट आली. तो क्लास चालतोय का ते कळावं म्हणून मी त्या फाइलीत एक प्रिंटची ओळ घातली, परत मेक मारलं. 100 टक्के, 'बिल्ट टार्गेट', म्हणजे काम पूर्ण. चालवून पाहिलं तर प्रिंट नाही.

पहिला संशय नेहमीचा: उबुंटूसोबत (माझं लिनक्स) बसवलेलं जुनं टेसरॅक्टच चालतंय का? 'व्हिच' (कोणता प्रोग्राम चालतो ते सांगणारं) केलं, 'एलडीडी' (तो कोणत्या लायब्ररी उचलतो ते सांगणारं) केलं, लायब्ररी माझीच उचलली जात होती. दुसरा संशय: शिरोरेषा तोडणं मुळात बंद असतं, सेटिंग देऊन चालू करावं लागतं. तेही दिलेलं होतं. मग डीबगचे फ्लॅग बदलून पाहिले, सगळं लॉगमध्ये काढलं. तासभर असाच गेला.

तेवढ्यात आतून हाक आली, दुसऱ्यांदा. वैतागून मी त्या फंक्शनच्या मधोमध टाइप केलं: आई जेवायला बोलावतेय. कॉमेंटची, म्हणजे 'हा कोड नाही' अशी, खूण नाही, काही नाही. सेव्ह, मेक.

100 टक्के. बिल्ट टार्गेट.

आता मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. टेसरॅक्टच्या भाषेत, सी प्लस प्लसमध्ये, हे वाक्य बसणं शक्यच नाही. म्हणजे ही फाइल कंपाइलरकडे जातच नव्हती.

मेक तसं भोळं आहे. सोर्सची वेळ ऑब्जेक्ट फाइलीच्या (सोर्स कंपाइल होऊन बनलेल्या फाइलीच्या) वेळेपेक्षा नवी असेल तरच ते कंपाइल करतं, आत काय लिहिलंय ते वाचत नाही. वेळा काढून पाहिल्या. भिंतीवरच्या घड्याळात 11:20 झाले होते आणि ऑब्जेक्ट फाइल तयार झाली होती 14:52 ला. आजच. लॉग वर सरकवला तर इशारा तिथे होताच, 'क्लॉक स्क्यू' (घड्याळात घोळ), फाइल 12,720 सेकंद भविष्यात. इतका वेळ मी फक्त 'एरर' हा शब्द शोधत होतो.

14:52 मधून साडेपाच तास वजा केले तर 9:22. मी बिल्ड करत होतो तीच वेळ.

या लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहेत, आणि आदल्या रात्री बाबांच्या एका फॉर्मसाठी विंडोज सुरू केलं होतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) समजून वाचतं आणि वर आपले साडेपाच तास चढवतं. एरवी नेट आलं की मिनिटभरात वेळ दुरुस्त होते, म्हणून इतकी वर्षं कळलंच नाही. या वेळी लाइट येईपर्यंत नेट नव्हतं, म्हणून पहिलं बिल्ड पुढे गेलेल्या घड्याळावर झालं आणि नंतरचे माझे बदल मेकला त्याहून जुने वाटले, आणि एडिटर फुलस्क्रीन असल्यामुळे कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं नाही. गंमत म्हणजे मी दुपारी झोप काढून साडेतीनला तीच फाइल पुन्हा सेव्ह केली असती तर सगळं आपोआप चाललं असतं, आणि का चाललं हे मला जन्मात कळलं नसतं.

विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' नावाची नोंद 1 करायची, म्हणजे तेही यूटीसी पाळतं. ते जेवण झाल्यावर केलं. आधी बिल्डचं फोल्डर अख्खं उडवलं आणि नव्याने मेक लावून पानावर जाऊन बसलो.

परत आलो तर बिल्ड अडकलेलं. पहिलीच एरर: 'आई' या स्कोपमध्ये जाहीर केलेली नाही.